मांत्रिकाकडे नेलेले शंभरातले नव्वद वाचतात. मग अडतं कुठे?

बांधावरचा (धागाकर्ता)

साप चावल्यावर भगत, देवळातला अंगारा की सरकारी दवाखाना, हा वाद दर पावसाळ्यात उकरला जातो आणि दर वेळी त्याच जागी रुततो. एक बाजू म्हणते, "आमच्याकडे आणलेला एकही दगावला नाही." दुसरी म्हणते, "थोतांड." थोतांड म्हणणारा हरतो, कारण समोर जिवंत माणूस उभा असतो. साप चावला हे खरं असतं, मंत्र घातला हे खरं असतं, माणूस वाचला हेही खरं असतं.

म्हणून या धाग्याची अट एकच: "आमच्या मामांना चावला तेव्हा" नको. ज्याची मोजदाद करता येते तेवढंच लिहा.

सुरुवात मी करतो. पुढचे आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत, कुठल्या पाहणीतले नाहीत. एका भगताकडे १०० जण आले. त्यातल्या ६० जणांना बिनविषारी साप चावला. उरलेल्या ४० पैकी १५ जणांना विषारी साप चावला पण विष टोचलं गेलं नाही, म्हणजे कोरडा दंश. राहिले २५. त्यांना विष भिनलं, पण प्रत्येक विषबाधा जीव घेतेच असं नाही. समजा त्यातले १० गेले. भगताच्या खात्यावर ९० जिवंत. त्याने काहीही केलं नसतं तरी ९०च राहिले असते.

आता हेच १०० वेळेत दवाखान्यात गेले आणि २५ पैकी २ गेले असं धरा. ९८ जिवंत. फरक ९० आणि ९८ चा आहे. गावात बसून हा फरक डोळ्यांना दिसतो का, एवढाच माझा प्रश्न.

त्रैराशिक

दिसत नाही. का ते करून दाखवतो.

गावात वर्षाला पाच दंश होतात असं धरा. बांधावरचा यांच्या हिशेबात भगताकडे दर दंशामागे मृत्यूची शक्यता दहा टक्के. पाचही जण वाचण्याची शक्यता ०.९ चा पाचवा घात, म्हणजे ०.५९. दहा वर्षांतली सहा वर्षं भगताकडे एकही मृत्यू नाही! दवाखान्याचं तेच गणित ०.९८ चा पाचवा घात, ०.९०. म्हणजे दहातली नऊ वर्षं. सहा आणि नऊ यांतला फरक पारावर बसून कुणाच्या लक्षात येईल? दोन टक्के आणि दहा टक्के यांतला फरक खात्रीने पकडायला दोन्हीकडे दीडशेच्या आसपास दंश मोजावे लागतात. पाच दंशांच्या गावाला त्याला तीस वर्षं लागतील, तीही सगळे एकाच वाटेने गेले तर.

"एकही दगावला नाही" यालाही एक सोपी कसोटी आहे. जितक्या जणांत शून्य मृत्यू असतील, ३ ला तितक्याने भागून येईल तेवढा खरा मृत्युदर जास्तीत जास्त असू शकतो (९५ टक्के खात्रीने). ३० जणांत शून्य म्हणजे खरा दर १० टक्क्यांपर्यंत असू शकतो. ५० जणांत शून्य म्हणजे ६ टक्क्यांपर्यंत. एकही गेला नाही असं कुणी सांगितलं की आधी विचारायचं, कितींपैकी? आणि त्याच्याही आधी विचारायचं, चावलं काय होतं?

नानेटी

"चावलं काय होतं" इथेच अर्धा वाद संपतो. भारतात सापांच्या तीनशेच्या आसपास जाती, त्यातल्या बहुतेक बिनविषारी. माणसं मरतात ती मुख्यतः चौघांमुळे: नाग, मण्यार, घोणस, फुरसे.

गडबड होते ती सारख्या दिसणाऱ्यांत. बिनविषारी कवड्या घराच्या भिंतीत, कौलांत सर्रास सापडतो आणि मण्यार म्हणून मारला जातो. पट्टे बघा. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचं उलट: पांढरे पट्टे बहुधा जोडीजोडीने, शेपटीकडे ठळक, मानेकडे पुसट किंवा नाहीतच. शिवाय मण्यारीच्या पाठीच्या मधल्या रांगेतले खवले मोठे आणि षटकोनी असतात. डुरक्या घोणस हा बिनविषारी, पण नावात घोणस आणि अंगावर ठिपके, त्यामुळे घोणशीच्या खात्यावर जातो. दिवड पाण्याच्या कडेला चावतो, रक्त भरपूर येतं, घबराट त्याहून जास्त.

म्हणजे "मण्यार चावली आणि मंत्राने उतरली" या वाक्यातली मण्यार कुणी ओळखली, हे ठाऊक नसेल तर पुढचं सगळं हवेत. ओळखायला साप मारून आणू नका, त्याच्या मागे धावूही नका. मेलेल्या सापाचं डोकंही काही वेळ चावू शकतं. लांबून मोबाइलवर फोटो मिळाला तर ठीक, नाहीतर सोडून द्या. डॉक्टर लक्षणांवरून उपचार करतात.

शंकासुर

हिशेब छान. पण तालुक्याला नेलेले मरतात हे लोक डोळ्यांनी बघतात, त्याचं काय? भगताच्या अंगणात मेलेला क्वचितच दिसतो. दवाखान्याच्या व्हरांड्यात दिसतो.

ओपीडी दुपारची

दिसणारच. दवाखान्यात कोण पोचतं ते बघा. रात्री दहाला दंश, भगताकडे बारा वाजेपर्यंत. ज्याला विष नव्हतंच तो तिथून घरी गेला, यश भगताचं. ज्याच्या पापण्या मिटायला लागल्या, लघवीतून रक्त आलं, त्याला भगतच म्हणतो, "आता मोठ्या ठिकाणी न्या." तो पहाटे चारला आमच्याकडे. गेला तर मृत्यू आमच्या खात्यावर. चाळणी भगताकडे लागते आणि खाली पडलेलं आमच्या पदरात येतं.

हीच चाळणी दवाखान्यांच्या आपसांतल्या तुलनेतही असते. जिल्हा रुग्णालयाचा सर्पदंश मृत्युदर प्राथमिक आरोग्य केंद्रापेक्षा जास्त दिसतो, कारण केंद्र अत्यवस्थ रुग्ण वर पाठवतं. नुसते टक्के बघून "जिल्ह्यापेक्षा केंद्र बरं" असं कुणी म्हटलं तर तीही आकडेवारीच, पण फसवी.

त्रैराशिक

आणि चाळणीची तिसरी जागा म्हणजे सरकारी नोंद. हे लिहिलंच पाहिजे, नाहीतर "आकडे सांगतात" म्हणणारे आपण फुशारकीत राहू.

दवाखान्यातले मृत्यू मोजले तर सर्पदंश ही किरकोळ बाब वाटते. पण २००१ ते २००३ या काळात देशभर चिठ्ठ्या टाकून निवडावेत तसे ६,६७१ विभाग निवडून तिथले सुमारे १,२३,००० मृत्यू घरोघरी जाऊन तपासले गेले. घरच्यांना शेवटच्या आजारपणाबद्दल ठरावीक प्रश्न विचारायचे आणि ती उत्तरं डॉक्टरांनी स्वतंत्रपणे वाचून कारण ठरवायचं, अशी पद्धत. त्यात सर्पदंशाचे ५६२ मृत्यू निघाले. त्यावरून २००५ सालासाठी देशाचा अंदाज आला ४५,९००, आणि त्याची मर्यादा ४०,९०० ते ५०,९००. दवाखान्यांच्या अधिकृत आकड्याच्या तीसपटींहून जास्त! त्यातले जेमतेम २३ टक्के मृत्यू आरोग्य केंद्रात किंवा रुग्णालयात झालेले. पुढे २०२० मध्ये आलेल्या अभ्यासात २००० ते २०१९ या वीस वर्षांची सरासरी वर्षाला ५८,००० धरली आहे. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत.

गंमत बघा, हा आकडा उभा राहिला तो घरच्यांनी सांगितलेल्या हकिकतींवरच. फरक इतकाच की कुणाची हकिकत ऐकायची हे हकिकत सांगणाऱ्याने ठरवलं नव्हतं.

शंकासुर

शेवटचं वाक्य मान्य. पण एक खोच आहे. दवाखान्यात सापाच्या विषावर देता त्या लसीची तरी "अर्ध्यांना लस, अर्ध्यांना मिठाचं पाणी" अशी चाचणी झालीय का? झाली नसेल तर तुमचाही पुरावा "दिली आणि वाचला" एवढाच.

ओपीडी दुपारची

प्रश्न रास्त आहे. विषबाधा दिसत असताना कुणाला मिठाचं पाणी देऊन बघत बसणार? पण पुरावा "दिली आणि वाचला" यावर थांबत नाही, मधले टप्पे मोजता येतात.

लस घोड्याच्या रक्तद्रवापासून बनते. मुंबईच्या हाफकिन संस्थेकडून हे काम पिढ्यान्‌पिढ्या चाललं आहे. बाटलीवर ताकद छापलेली असते: एका मिलिलीटरमागे नाग ०.६, घोणस ०.६, मण्यार ०.४५, फुरसे ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी. एक वायल, म्हणजे लसीची कुपी, १० मिलिलीटरची. घोणस एका दंशात सरासरी ६३ मिलिग्रॅमच्या आसपास विष टोचते. दहा वायल म्हणजे ६० मिलिग्रॅम. सुरुवातीचा दहा वायलचा डोस इथून आलेला आहे. मुलालाही तेवढाच द्यायचा, कारण साप वजन बघून विष टोचत नाही.

नंतर रक्त बघायचं. नव्या, कोरड्या काचेच्या नळीत शिरेतलं ताजं २ मिलिलीटर रक्त घ्यायचं, २० मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं, मग एकदाच तिरकं करायचं. वाहिलं तर गोठण्याची क्रिया बिघडली, विष भिनलं. बिघडतं कुठे तर नळी प्लॅस्टिकची असते, किंवा साबणाने धुऊन परत वापरलेली असते. अशा नळीत निरोग्याचं रक्तही गोठत नाही आणि नसलेली विषबाधा दिसते. कुणी दर पाच मिनिटांनी हलवून बघतं, तेही चूक. सुरुवातीला चाचणी निर्दोष आली तरी पहिले तीन तास दर अर्ध्या तासाने पुन्हा करायची. लस दिल्यावर मात्र सहा तास थांबून, कारण गोठवणारे घटक यकृताला नव्याने तयार करावे लागतात. न गोठणारं रक्त लसीनंतर गोठायला लागतं, हे एकेका रुग्णात दिसतं आणि शेकड्यांत मोजता येतं. मंत्राबाबत असा मधला टप्पा कुणी दाखवला तर मी पहिला बघायला येईन.

एक इशारा: ही चाचणी घोणस आणि फुरशासाठी. नाग आणि मण्यार मज्जासंस्थेवर जातात, तिथे रक्त छान गोठतं आणि माणूस श्वास थांबून जातो. "रक्त गोठलं, सुटलो" असं समजून घरी पाठवू नये. २४ तास नजरेखाली ठेवायचं.

लिंबोणी

मग कडुनिंबाच्या कसोटीचंही बोला. पाला चावायला देतात, कडू लागला तर विष नाही, गोड लागला तर विष चढलं. मिरचीचंही तसंच.

ओपीडी दुपारची

कुठलीही कसोटी चार खणांत तपासायची. विष होतं आणि गोड लागला. विष होतं आणि कडू लागला. विष नव्हतं आणि गोड लागला. विष नव्हतं आणि कडू लागला. गोष्टी सांगितल्या जातात त्या पहिल्या आणि चौथ्या खणातल्या. जीव जातो दुसऱ्या खणात. या चौघांच्या विषाचा मारा रक्तावर, नसांवर आणि मांसावर होतो, जिभेच्या चवीवर नाही. त्यामुळे मण्यार चावलेल्यालाही पाला कडूच लागणार आणि "विष नाही, झोपवा त्याला" असं ठरणार. मण्यारीचा दंश बहुधा झोपेत, जमिनीवर अंथरूण असताना. दुखत नाही, खूण दिसतेच असं नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. तोवर कसोटी "उत्तीर्ण" होऊन पाच तास गेलेले असतात.

नानेटी

कोंबडीही घ्या यादीत. दंशावर कोंबडीचं गुदद्वार दाबून धरायचं, कोंबड्या पटापट मरतात आणि "विष ओढलं" म्हणतात. चोच आणि छाती आवळून धरलेली कोंबडी साप नसतानाही मरते. बिनविषारी दंशावर, किंवा कुठलाच दंश नसलेल्या पायावर तितकाच वेळ तशीच धरून बघा म्हटलं की कुणी तयार होत नाही. तुलनेला दुसरी कोंबडी नाही, एवढाच त्या पुराव्याचा दोष. (कोंबड्यांची मात्र दया येते.)

बांधावरचा

इथवर सगळा मारा भगतांवर झाला. डॉक्टरांचे अनुभव तेवढे खरे, असं आहे का?

महाडकर

मुळीच नाही. दोन उदाहरणं देतो, एक डॉक्टरांच्या बाजूचं, एक विरुद्ध.

विरुद्धचं आधी. लसीची रिअॅक्शन येऊ नये म्हणून आधी हायड्रोकॉर्टिसोन आणि अॅलर्जीविरोधी इंजेक्शन द्यायची सवय कित्येक ठिकाणी आहे. "देतो आणि काही होत नाही" हा त्यामागचा अनुभव. श्रीलंकेत १,००७ रुग्णांवर चिठ्ठ्या टाकून चाचणी झाली, निष्कर्ष २०११ साली आले. हायड्रोकॉर्टिसोन आणि प्रोमेथाझिन (हे अॅलर्जीविरोधी औषध) यांचा गंभीर रिअॅक्शन टाळायला उपयोग दिसला नाही. लसीआधी त्वचेखाली ०.२५ मिलिग्रॅम अॅड्रिनलिन दिल्यावर पहिल्या तासात गंभीर रिअॅक्शन ४३ टक्क्यांनी कमी झाल्या. हायड्रोकॉर्टिसोन जोडीला दिलं तर अॅड्रिनलिनचा तो फायदाही पुसला गेला. म्हणजे "देतो आणि काही होत नाही" ही मांत्रिकाच्याच जातीची हकिकत, फक्त पांढरा कोट घातलेली.

आता बाजूचं. लाल विंचू. कोकणात तो चावला की काहींना घाम, उलट्या, हातपाय गार, मग फुप्फुसात पाणी आणि मृत्यू. महाडला डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रुग्णाच्या खाटेशेजारी बसून एकेक लक्षण वेळेसकट टिपलं, ते १९८२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. विंचवाच्या विषाने शरीरात अॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो. त्यावरून प्राझोसिन ही रक्तवाहिन्या सैलावणारी गोळी वापरायची कल्पना आली: किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, तोंडाने, आणि रुग्णाला एकदम उठवून बसवायचं नाही, रक्तदाब कोसळतो. गोळी वापरात आल्यावर मृत्यू खूप घटले. पण "आधी आणि नंतर" या तुलनेत शंका राहतेच. मधल्या काळात रस्ते सुधारतात, लोक लवकर येऊ लागतात.

म्हणून पुढचं पाऊल महत्त्वाचं. महाडलाच ७० रुग्ण चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटले. ३५ जणांना प्राझोसिन, ३५ जणांना प्राझोसिन आणि हाफकिनची विंचूविषावरची लस. दहा तासांनी पूर्ण लक्षणमुक्त झाले ते लसीच्या गटात ३५ पैकी ३२, नुसत्या गोळीच्या गटात ३५ पैकी ८. बरं व्हायला लागलेला सरासरी वेळ ८ तास विरुद्ध १७.७ तास. हे २०११ साली 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात आलं. उणीव सांगायची तर कुणाला काय दिलं हे डॉक्टर आणि रुग्ण दोघांना ठाऊक होतं.

शंकासुर

हे पटलं. म्हणजे हकिकत फेकून द्यायची नाही, तिला पुढे चालवायचं. आता रात्री दोनला, सगळी भावकी "भगताकडे चला" म्हणत असताना हे ३५ पैकी ३२ सांगू का मी?

लिंबोणी

तेव्हा आकडा सांगायचाच नाही. भगतालाच गाडीत घ्या. मंत्र गाडीत चालू दे, गाडी थांबायला नको. कित्येक भगत त्याला तयार होतात, त्यांनाही अंगणात मृत्यू नको असतो.

तोवर करायचं ते इतकंच. १०८ ला फोन. दंशाची वेळ कागदावर लिहायची. अंगठ्या, जोडवी, पैंजण, बांगड्या काढायच्या, सूज आली की निघत नाहीत. हातापायाला फळी किंवा छत्री बांधून तो भाग हलू द्यायचा नाही, चालवायचं नाही. आवळपट्टी नको, चिरा नको, तोंडाने ओढणं नको. घट्ट पट्टी बांधलेली असलीच तर दवाखान्यात पोचायच्या आधी सोडू नका, तिथे डॉक्टरांसमोर सोडा. श्वास मंदावला तर तोंडाने श्वास द्यायचा, थांबायचं नाही; मण्यारीच्या विषबाधेत अंबू बॅगवर (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) काढलेले तास माणूस वाचवतात.

भगत अडवून धरत असेल तर महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. पण कायदा दिवसा समजवायला ठेवा. रात्री गाडीत जागा करा.

बांधावरचा

शेवटचं काम. आशाताईंच्या मदतीने गावातच नोंदवही ठेवायची ठरवली तर रकाने कोणते?

त्रैराशिक

दंशाची तारीख आणि वेळ. जागा: शेत, घर, झोपेत. साप: फोटो आहे, कुणी ओळखला, की माहीत नाही. "माहीत नाही" हा रकाना लाजून सोडू नका. उपचाराआधीची लक्षणं: काही नाही, सूज, रक्तस्राव, पापण्या, पोटात कळ. पहिल्यांदा कुठे गेले आणि किती वाजता. नंतर कुठे. लस दिली का, किती वायल. सातव्या दिवशी: जिवंत, मृत, हातपाय गमावला, मूत्रपिंडाचा त्रास.

दोन पथ्यं. नाव पहिल्याच दिवशी वहीत आलं पाहिजे, निकाल कळल्यावर नाही. नाहीतर मेलेले आणि गाव सोडून गेलेले आपोआप गळतात. आणि मृत्यू पहिल्या ठिकाणाच्या खात्यावर लिहायचा, शेवटच्या नाही.

ओपीडी दुपारची

सातवा दिवस कमी पडेल. घोणशीनंतर मूत्रपिंडाचं काही वेळा उशिरा कळतं. तिसाव्या दिवसाचा एक रकाना वाढवा. आणि कोकणातली, घाटातली वही असेल तर "चापडा" हा विषारी साप वेगळा लिहा, त्याच्यावर आपली चौघांची लस चालत नाही. तो फुरशात मिसळला तर लस कमी पडते असं खोटंच दिसेल.

नानेटी

"कवड्या की मण्यार" असाही एक रकाना द्या. फोटो चिकटवायला जागा मोठी ठेवा.